धाकटीचा आवाज

२८ नोव्हेंबर १९७१, रविवार

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या हॉलमध्ये नाताळच्या नाटकाची बैठक. लिहिणारा सायमन, बसवणारा सायमन, घसा फोडणारा सायमन. (यापुढे नुसतं सा. लिहिणार. शाई काही फुकट मिळत नाही.)

यंदा मेंढपाळ नाहीत, हेरोद राजा नाही. यंदा म्हणे सन २०२१ चा नाताळ! भाईंदरचंच एक घर. मुलं पांगलेली: एक मुलगा समुद्राच्या तळाशी खाणीत, दुसरा अग्निबाण चालवतो, मुलगी चंद्रावर मास्तरीण. नाताळच्या जेवणाला कोणालाच येता येत नाही. मग टेबलावर प्रत्येकाच्या ताटापुढे एक पेटी, आणि पेटीतून त्याचा आवाज. आई एकटी सगळ्यांना वाढते.

पास्कू म्हणाला, "अरे, चंद्रावरनं माणसं दगड घेऊन आली, आन तू तिथं शाळा काढतो?" सगळे खोखो हसले. सा. नाही हसला. तो विज्ञानाची मासिकं वाचतो, त्याला असल्या गोष्टी खऱ्याच वाटतात.

आईचं काम कोणाचं, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. माझंच. शाळा सुटल्यापासून या हॉलमध्ये मुख्य काम माझं. सा. म्हणाला, "आगू, पांढरं लुगडं, खांद्यावर शाल, कंदिलाचा उजेड तुझ्या चेहऱ्यावर. बास."

घरी येईपर्यंत ते 'बास' कानात.

आई (खरी) म्हणाली, "नाटकातली आई झालीस, खरी कवा होशील?" उत्तनचा होडीवाला मी परत पाठवला, मालाडचा कारकूनही. का, ते आईला माहीत आहे. सगळ्या आळीला माहीत आहे. फक्त सा. ला कोणी सांगायला हवं, आणि ते मी का सांगू? पुरुषाने विचारायचं असतं.

१ डिसेंबर

तालीम. सिसिल नेहमीसारखी पडद्यामागे वही घेऊन, अडलं की शब्द पुरवायला. माझी धाकटी बहीण, पण तिला स्टेजवर घ्यायचं कोणाच्या मनातही येत नाही. लहानपणी देवी आल्या, त्या तोंडभर व्रण ठेवून गेल्या. मी तेव्हा मामाकडे होते म्हणून वाचले. मला बघायला पाहुणे आले की सिसिल स्वयंपाकघरात. कोणी सांगत नाही, ती आपणच जाते.

मी एक वाक्य विसरले. ते तिने मागून सांगितलं. सा. ने एकदम मान वर केली, पण माझ्याकडे नाही बघितलं. पडद्याकडे बघितलं.

काही नसेल. पडदा फाटलाय कुठेतरी.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई सुरू. काल संध्याकाळपासून सगळीकडे काळोख. खिडक्यांना काळे कागद, काशीमीऱ्याकडून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनाही अर्धा काळा रंग. फ्रान्सिसची आई दिवसभर चर्चमध्ये बसून. तिचा मुलगा फौजेत आहे.

तरी तालीम झालीच. फादर म्हणाले, घरात बसून घाबरण्यापेक्षा बरं. हॉल पूर्ण काळा. वही कोणाला दिसेना. पास्कूने अग्निबाणाचा आवाज म्हणून स्टोव्ह पेटवला, तर बाहेरून वॉर्डन ओरडला, "अरे ओ, बत्ती बुझाव! मरना है क्या?" विझवला.

मग घोटाळा. कोणालाच पाठ नव्हतं. पाठ होतं ते फक्त सिसिलला, वर्षानुवर्षं सगळ्यांची वाक्यं पुरवून पुरवून. शेवटी तिनेच सगळं नाटक म्हटलं. पास्कूचं, माझं, अग्निबाणवाल्याचं. काळोखात ती एकटी बोलत होती. एकदा तर, "बाळांनो, ताटं वाढलीयेत, या" असं म्हणाली तेव्हा पास्कू खरंच उठून दोन पावलं चालला.

संपल्यावर सा. म्हणाला, "कोण होतं ते?"

कोण होतं म्हणजे! रोज सकाळी याच्या आईला आमच्या विहिरीचं पाणी शेंदून देते ती. इतकी वर्षं "गुड मॉर्निंग" म्हणते याला. आज विचारतो, कोण होतं.

७ डिसेंबर

सा. आज घरी आला. मी पटकन निळी साडी नेसले. कंदिलाची वात अगदी बारीक, साडी निळी की काळी काही कळत नव्हतं.

म्हणाला, लढाई कधी संपेल सांगता येत नाही, नाताळात दिवे नसतील. तेव्हा नाटक काळोखातच करायचं. रेडिओवर श्रुतिका असते तसं. पात्रं पडद्यामागे, हॉलमध्ये फक्त कर्णा. "नाहीतरी पेट्यांमधून आवाजच येतात ना, आगू! हे नाटक कानांचंच हाय. माझ्या डोक्यात आधी कसं आलं न्हाय."

मी म्हटलं, छान. (काय छान? पण म्हटलं.)

मग चहाचा कप फिरवत बसला. आईचं काम सिसिलला. मला चंद्रावरची मुलगी. "तुझंही मोठं काम हाय, आगू."

सिसिल दाराआडून म्हणाली, "मला नको. ताईचं काम हाय ते." तेसुद्धा असं म्हणाली की सा. चा चेहरा फुलला. आता 'नको' म्हणायलासुद्धा तिने चांगलंच म्हणायचं ठरवलंय.

काळोखात माझा चेहरा काय कामाचा. हे लिहून टाकते आणि झोपते.

९ डिसेंबर

चंद्र किती लांब आहे हे सा. ने मला आज समजावलं. आवाज चंद्रावरून यायला वेळ लागतो म्हणे. म्हणून आईने काही विचारलं की मी लगेच बोलायचं नाही, थोडं थांबायचं. प्रत्येक वाक्याआधी.

म्हणजे तिने बोलायचं आणि मी थांबायचं. वा रे विज्ञान. समुद्राच्या तळाशी असलेला पास्कू मात्र फटाफट बोलतो, त्याला काही अडत नाही.

मी थांबते तेव्हा लोकांना वाटतं, आग्नेस विसरली. आज पास्कूची बायको कुजबुजली, "बिचारी." बिचारी! मला!

११ डिसेंबर

आंबट खाल्लं की घसा बसतो, हे आई लहानपणापासून सांगते. आज मिठातल्या कैऱ्यांची बरणी मीच माळ्यावरून काढली आणि सिसिलच्या ताटाशी ठेवली. म्हटलं, खा ना, तुला आवडतात. खरंच आवडतात. चार फोडी खाल्ल्या. मी अजून वाढल्या. "ताय, आज काय तुझा लाड चाललाय माझ्यावर," म्हणाली.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण कैऱ्या संपल्यावर.

१३ डिसेंबर

घसा बसला. देवाने ऐकलं.

आणि सा. काय म्हणाला? "अरे वा, आता खरी म्हातारी वाटतेस! हाच आवाज ठेव." पास्कूने टाळ्या वाजवल्या. देवाने ऐकलं खरं, पण कोणाचं ते कळलं नाही.

घरी येताना सिसिल मला म्हणाली, "तुझ्या कैऱ्यांनी काम केलं बघ." सरळ मनाने म्हणाली. तिच्या मनात वाकडं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

१५ डिसेंबर

कर्णा आणि माइक घेऊन छगनभाई आला. खारी गावातल्या लग्नांत यानेच वाजवलाय, त्याची फार मिजास. सगळ्यांची आवाजाची परीक्षा घेतली. माझी पाळी आली तर कान झाकून बसला. "बेन, जरा पीछे. और पीछे. आवाज फाटे छे." पीछे, पीछे करत मी जवळजवळ दारात. सिसिलला म्हणाला, "बेन, बस, वहीं खड़ी रहो."

जाताना सा. ला म्हणत होता, त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, "मोटी बेन जोवा माटे, नानी बेन सांभळवा माटे." मोठी बघायला, धाकटी ऐकायला. गुजराती मला चांगलं कळतं.

सा. हसला नाही. नुसती मान हलवली. हसला असता तरी चाललं असतं.

१७ डिसेंबर, शुक्रवार

लढाई संपली! दिवे लागले! आळीत फटाके, पोरांनी खिडक्यांचे काळे कागद फाडून होळी केली. शेजारच्या पाटीलकाकूंनी साखर वाटली. फ्रान्सिसची आई मात्र दारात तशीच उभी, त्याची खबर अजून नाही.

आणि मला काय वाटलं ते लिहितेच, इथे कोण वाचतंय: मला वाटलं, आता स्टेज. आता कंदिलाचा उजेड. आता पांढरं लुगडं. धावत हॉलवर गेले. सा. ला म्हटलं, "दिवे आले, आता पहिल्यासारखं करू या."

म्हणाला, "न्हाय आगू. दिवे मालवूनच करायचं. आता काळोखातच ते चांगलं वाटतं."

दिवे आले, माझ्यासाठी नाही आले.

१९ डिसेंबर

आज मी हट्ट केला. सा. ला हॉलच्या पायरीवर गाठलं आणि सांगितलं, माझ्या कामात दम नाही, मला शेवट दे. नाहीतर मी सोडते. तो घाबरला. नाताळच्या तोंडावर कोण सापडणार?

संध्याकाळी शेवटचं पान लिहून आणलं. आई जेवणाची प्रार्थना म्हणते. मग चंद्रावरची मुलगी विचारते, "आई, तू जेवलीस का?" घरातून उत्तर येत नाही. तेव्हा कळतं की आई केव्हाच गेलीये, घरातल्या यंत्राने तिचा आवाज साठवून ठेवलाय आणि दर नाताळला तेच सगळ्यांना जेवायला बोलावतं. जेवलीस का हे कोणी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून यंत्राकडे त्याचं उत्तर नाही. मग माझं भाषण. अख्खं पान. मधे थांबायचं नाही, कारण समोर आता कोणी नाही.

वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी. सा. म्हणाला, "हे तूच करू शकतेस." तूच! आज जेवण गोड लागलं. सिसिलशी पण बोलले.

२४ डिसेंबर

दिवसभर नाताळचा फराळ, नेवऱ्या, कुलकुलं. शेजारच्या हिंदू घरी ताटं पाठवली, पाटीलकाकूंचं ताट मीच घेऊन गेले. काकूंनी ताट रिकामं नाही पाठवलं, साखर घातली. म्हणाल्या, "सिसिल नाटकात काम करते म्हणे. सगळा गाव बोलतोय." मी म्हटलं, "हो, आणि मीपण." "तू तर नेहमीच करतेस गं," म्हणाल्या.

सा. च्या आईला, मारीमावशीला, ताट द्यायला सिसिल गेली. बराच वेळ आली नाही.

२६ डिसेंबर, रविवार

झालं नाटक. सगळं नीट लिहून काढते.

हॉल खच्चून भरलेला. दिवे मालवले. सुरुवातीला पोरं शिट्ट्या मारत होती, अग्निबाण उडाला (स्टोव्ह, पडद्यामागे) तेव्हा किंचाळली. मग सिसिलने पहिलं वाक्य म्हटलं आणि शिट्ट्या बंद. मी पडद्यामागे तिच्या शेजारीच उभी. तिचा हात लागला तर बर्फासारखा. आवाजात त्याचा पत्ता नाही.

माझ्या थांबण्यावर आज कोणी हसलं नाही. काळोखात सगळेच माझ्याबरोबर थांबत होते. मला वाटलं, जमतंय. आता शेवटचं पान.

आईची प्रार्थना आली. सा. ने लिहिलेलं इतकंच की आई क्रुसाची खूण करते आणि नमो मारिया या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणते. सिसिलने म्हटला. आणि हॉलमधून, काळोखातून, सगळ्या गावाने दुसरा अर्धा म्हटला!

आमच्याकडे संध्याकाळी घरातल्या बाईने अर्धा म्हटला की बाकीच्यांनी उरलेला म्हणायचाच असतो. पाळण्यातल्या पोरालाही माहीत. नाटक आहे हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, म्हणजे म्हातारी माणसं गुडघ्यांवर बसली. सिसिल गोंधळली, माझा हात घट्ट धरला. मी कुजबुजले, "थांब. आता माझं वाक्य." पण लोकांनी उत्तर दिल्यावर पुढचं न म्हणता कसं राहायचं? तिने पुन्हा पहिला अर्धा म्हटला. पुन्हा उत्तर. जपमाळेचे दहा मणी होईपर्यंत कोण थांबतंय! मग काळोखातून फ्रान्सिसच्या आईचा आवाज आला, "माझ्या पोरासाठी म्हणा गं." अजून दहा मणी. पोरं रडायला लागली, बायका रडत होत्या, पास्कू समुद्राच्या तळाशी हुंदके देत होता.

शेवटी आमेन. कोणीतरी दिवे लावले. लोक उठून एकमेकांच्या गळ्यात पडले, हॅपी क्रिसमस, हॅपी क्रिसमस.

माझं पान माझ्या हातात. मी सा. ला म्हटलं, "दिवे मालवायला सांग. माझं राहिलंय."

त्याचे डोळे लाल. म्हणाला, "आता नको, आगू. संपलं ते."

संपलं.

२७ डिसेंबर

दिवसभर घरी रीघ. "नाटक असं कधी झालंच नाही." नाटक झालंच नाही, हे फक्त मला माहीत. नाटकातली आई मेली आहे हे हॉलमधल्या कोणालाच कळलं नाही. सगळे खूश की २०२१ मध्येपण आपल्याकडे माळ म्हणतात.

फ्रान्सिसची आई आली, सिसिलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्या व्रणांचे. माझ्याही डोक्यावरून हात फिरवला. त्या बाईसमोर मी जळफळत बसले होते. तिच्या पोराची अजून खबर नाही आणि मला माझ्या एका पानाचं पडलंय. कळतं, तरी जळतं.

२ जानेवारी १९७२, रविवार

मिस्सा झाल्यावर मारीमावशी आणि सा. घरी आले. नवे कपडे. मी चहा ठेवला. चांगले कप काढले, कारण असे नवे कपडे घालून माणूस एकाच कामासाठी येतो.

आलीच त्या कामासाठी. सिसिलसाठी.

मारीमावशीने आईचे हात धरले. "मोठी बसलीय तरी धाकटीला मागतंय, राग मानू नको. आमचा सायमन दुसरं नावच घेत न्हाय." आई माझ्याकडे बघायला लागली. रीत अशी की मोठी घरात असेल तर धाकटीला मागताना मोठीचा होकार लागतो. तिच्या तोंडून यायला हवा.

मारीमावशीने माझी हनुवटी धरली. "हिला काय कमी हाय? एवढी देखणी पोर! हिच्यासाठी रांग लागंल."

आणि मी म्हटलं, "मग मलाच मागा ना."

कसं बोलले कोण जाणे. मोठ्याने बोलले. चंद्रावरूनसुद्धा ऐकू आलं असतं.

मग मारीमावशी हसायला लागली. आई हसली. सा. हसून म्हणाला, "बघितलं? आगूला घरातपण सीन करायला लागतो!" यंदाच्या सगळ्या नाटकात त्याने माझ्या कामाची ही एवढीच तारीफ केली.

मीही हसले. दुसरं काय करणार. ट्रेमधला चहा सांडला, तो पुसायला आत गेले. सिसिल दाराशी उभी होती. ती हसत नव्हती.

आईने त्यांना सांगितलं, पुढच्या रविवारी कळवतो.

५ जानेवारी

सिसिल भांडी घासताना म्हणाली, "ताय, तू खरंच बोललीस ना त्या दिवशी?"

मी म्हटलं, "गप्प बस."

हातातलं भांडं विसळून म्हणाली, "तू न्हाय म्हण. मी त्यांना काय सांगणार न्हाय, रडणार पण न्हाय. आपण दोघी राहू अशाच."

माझं डोकं फिरलं. आवाज तिचा, नाटक तिचं, सा. तिचा, आता मोठेपणापण तिचाच! मला निदान दुष्टपणा तरी माझा माझा करू दे. तेवढंही ठेवत नाही. भांडं आपटून बाहेर आले.

७ जानेवारी

मिठागराच्या वाटेवर सा. भेटला. सायकलवरून उतरला. मला आता लाज उरली नव्हती. सरळ विचारलं, "माझ्यात काय कमी होतं?"

तो गोंधळून गेला. खोटं नाही, खरंच गोंधळला. "तुझ्यात? आगू, तू तर... तुझ्याबद्दल मी असा विचारच केला न्हाय कधी. तू सगळ्या गावाची हिरॉईन." मग म्हणाला, "तू हो म्हणशील ना?"

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली त्याला मी वाट बघतेय हेच माहीत नव्हतं. त्याचा काही गुन्हा नाही. हेच सहन होत नाही. गुन्हा असता तर.

मी म्हटलं, "हवा कमी झाली बघ तुझ्या मागच्या चाकात." आणि घरी आले.

८ जानेवारी, शनिवार

फ्रान्सिसचं पत्र आलं. हाताला गोळी चाटून गेली, पण आहे. त्याची आई आळीभर नाचतेय. सिसिलला म्हणाली, "तुझ्या माळेने आणला गं." मी ऐकलं आणि आज पहिल्यांदा काही जळलं नाही. मग बाईने मला विचारलं, "तुझं काय गं आग्नेस, कवा?" तेव्हा जळलं.

आई म्हणते, चाळीस दिवसांच्या उपासात लग्नं लागत नाहीत, त्याआधी उरकायचं तर उद्याच काय ते सांगायला हवं. ती स्वतः काही बोलत नाही. दोन पोरींची आई, कोणाच्या बाजूने बोलणार.

सिसिल आत कोळशाची इस्त्री करतेय. माझी निळी साडी. मी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "उद्या सगळे तुझ्याकडं बघणार, तू चांगली दिसायला पायजे." इस्त्री करता करता काहीतरी गुणगुणतेय. नेहमी गुणगुणते, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

हो म्हटलं तर ती जाईल, आणि या घरात मी आणि आई दोघीच, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. नाही म्हटलं तर ती इथेच राहील, आणि जन्मभर मला रोज हा आवाज ऐकावा लागेल.

आईने दारातून विचारलं, "काय ठरवलंस?"

म्हटलं, "उद्या. मिस्सा झाल्यावर सांगते."